डेटा सेंटर आले, गावाच्या पदरी काय?

जुलै 2020 मध्ये, कोरोनाच्या धास्तीत, पनवेलजवळ योट्टा कंपनीचे ‘एनएम 1’ हे डेटा सेंटर सुरू झाले. 7,200 रॅक मावतील एवढी इमारत आणि 50 मेगावॉट विजेची तयारी. रॅक म्हणजे संगणकांची उभी कपाटे. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट, मोंढ्यातला कापसाचा भाव असे जे काही मोबाइलवर दिसते, ते अशाच कुठल्यातरी कपाटातून येते. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातही अशा इमारती आहेत, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच आहेत, आणि वीज सहसा जात नाही. यातली शेवटची सोय परभणी जिल्ह्यातल्या मानवतला नाही, हे मानवतकरांना सांगायला नको.

मग मानवतने याचा विचार का करावा? या कंपन्यांना सौरऊर्जा हवी आहे आणि ऊन मराठवाड्यात आहे. शिवाय जानेवारी 2025 मध्ये दावोसला अ‍ॅमेझॉनने महाराष्ट्रात 8.3 अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. हा पैसा मुंबईच्या आसपास उतरेल, पण त्यामागची वीज आणि जमीन कुठेतरी शोधावीच लागेल.

उद्घाटनाच्या भाषणात रोजगार पहिला येतो. बांधकाम चालू असते तोवर गवंडी, फिटर, वायरमन भरपूर लागतात. नंतर ती भव्य इमारत मोजक्या माणसांवर चालते: इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन यंत्रांचे तंत्रज्ञ, जनित्र सांभाळणारे, सुरक्षारक्षक. आयटीआय झालेल्या मुलाला इथे जागा आहे, पण त्या यंत्रांवरचे शिक्षण भरतीच्या आधी मिळाले तरच. नाहीतर त्याच्या वाट्याला फाटकावरची पाळी येते.

पाण्याचा प्रश्न अधिक कठीण. संगणक तापतात. पाण्याचे बाष्पीभवन करून ते थंड ठेवले तर वीज वाचते आणि पाणी जाते. हवेवर थंड केले तर पाणी वाचते, वीज जास्त लागते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या परभणी जिल्ह्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. यावर उपाय राज्यातच आहेत. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जाते, आणि महापालिकेला त्याचे पैसे मिळतात. नवी मुंबई महापालिकेनेही ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाणी पुन्हा शुद्ध करून एमआयडीसीतल्या उद्योगांना देण्याची केंद्रे उभारली. असा ग्राहक असला की शहराची सांडपाणी योजना कागदावरून जमिनीवर येते. हा खरा स्थानिक फायदा.

डेन्मार्कमधल्या ओडेन्सेत फेसबुकच्या डेटा सेंटरची उष्णता नळांतून हजारो घरांना ऊब देते. कल्पना उत्तम, पण परभणीच्या मे महिन्यात ती फुकट दिली तरी कोण घेणार!

आपल्याकडचा धडा वेगळा, जमिनीचा आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. उलट 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गावाचा वाटा आधीच लिहिलेला आहे: भाड्याने जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख. रक्कम मोठी नाही, पण ती मिळवायला मोर्चा काढावा लागत नाही.

त्याच 2023 मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सवलती आहेत. सवलत द्यायला हरकत नाही. पण ती घेणाऱ्याने सौर योजनेसारखाच गावाचा वाटा लिहून द्यावा, अशी अट त्यात घालता येते. ती अट घालायला लावण्याचे काम लोकप्रतिनिधींचे आणि त्यांच्यामागे लागण्याचे काम मतदारांचे.

तोवर, उद्या मानवत रोडच्या बाजूला कोणी डेटा सेंटरसाठी किंवा त्याच्या विजेसाठी जागा मागायला आले, तर ग्रामसभेने ठराव देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रोज किती पाणी आणि ते कुठले, ग्रामपंचायतीला दरवर्षी किती रुपये, गावातली किती मुले, कोणत्या कामावर, किती पगारावर. उत्तरे मराठीत आणि सहीशिक्क्यानिशी घ्यावीत.