वजाबाकीपूर्वीचा अंदाज

रायपूरच्या गोल बाजारात किराण्याच्या दुकानाशी थोडा वेळ उभे राहिले, तर कानी पडणाऱ्या हिशेबांत अपूर्णांकांचाच भरणा अधिक आढळतो. पाव किलो धने, अर्धा किलो डाळ, सव्वा किलो गूळ. हिंदी भाषक पौन, सवा, डेढ़, ढाई म्हणतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाशी मराठीचा संबंध आहे. त्या मराठीत पाऊण, सव्वा, दीड, अडीच म्हणतात. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि शेर व छटाक व्यवहारातून हळूहळू निघून गेले. परंतु हे शब्द हटले नाहीत.

या शब्दांच्या रचनेत एक मोठी सोय दडलेली आहे. पाऊण म्हणजे पादोन, अर्थात चतुर्थांशाने उणे. पावणेतीन म्हणताना मूल तीनातून पाव वजा करीत असते. एकोणीस या शब्दातही वीसाला एक उणा असल्याचेच सांगितलेले आहे. जवळची पूर्ण संख्या गाठावी आणि ती किती कमी वा अधिक हे लक्षात ठेवावे, हेच अंदाजाचे सारे तंत्र होय.

शाळेच्या पाटीवर मात्र हे तंत्र विसरले जाते. ७/८ मधून १/३ वजा करावयास सांगितल्यावर पुष्कळ मुले अंशातून अंश व छेदातून छेद वजा करून ६/५ असे उत्तर काढतात. एकाहून कमी असलेल्या राशीतून काही काढून घेतले आणि उरले ते एकाहून अधिक! ही विसंगती मुलाला खटकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेथे दोन राशी नसून चार सुटे आकडे असतात.

ही अडचण एखाद्या प्रांतापुरती नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ व ७/८ यांची बेरीज केवळ अंदाजाने निवडावयाची होती. दोन्ही राशी जवळजवळ एक, म्हणून उत्तर २. ते शेकडा २४ मुलांनीच निवडले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. म्हणजे कोणी अंशांची बेरीज केली, तर कोणी छेदांची.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक अपूर्णांक शून्य, अर्धा व एक यांपैकी कशाच्या जवळ आहे, हे मुलाने आधी ठरवावे. ७/८ जवळजवळ एक. १/३ अर्ध्याच्या जवळ. म्हणून उत्तर सुमारे अर्धे. येथे दोन्ही राशी वर सरकविल्या. पहिली वाढविल्याने उत्तर १/८ ने फुगते, दुसरी वाढविल्याने १/६ ने घटते. घट थोडी मोठी; तेव्हा खरे उत्तर अर्ध्याहून किंचित अधिक असले पाहिजे. ते आहे १३/२४.

वजाबाकीचा विशेष हाच, की दोन्ही राशी एकाच दिशेने सरकविल्या तर चुका परस्परांना कापतात. विरुद्ध दिशांनी सरकविल्या तर त्यांची भर पडते. ५ पूर्णांक १/८ मधून २ पूर्णांक ५/६ वजा करताना पाचातून तीन गेले, उरले दोन, असा अंदाज होतो. परंतु पहिली राशी खाली आणि दुसरी वर नेल्याने उत्तर दोन्हीकडून घटले. खरे उत्तर २ पूर्णांक ७/२४, म्हणजे सव्वादोनहून थोडे अधिक आहे.

अंदाजालाही मर्यादा आहेत. ५/९ मधून १/२ वजा करताना दोन्ही राशी अर्ध्याजवळच्या असल्याने अंदाज शून्य येतो. उत्तर लहान आहे, एवढेच त्यावरून कळते. ते १/१८ आहे, हे समच्छेद केल्यावाचून कळणार नाही. अंदाज हा गणिताचा पर्याय नव्हे, तो त्याचा पहारेकरी आहे.

म्हणून शिक्षकांनी उत्तर काढण्यापूर्वीच अंदाज वहीत लिहून घ्यावा. तो उत्तराशी तंतोतंत जुळला नाही म्हणून गुण कापू नयेत. खरे उत्तर अंदाजाहून अधिक असेल की कमी, आणि का, एवढेच विचारावे. या प्रश्नाची सवय झालेले मूल ६/५ लिहिताच थबकेल आणि आपले आपण मागे वळून पाहील.