माप बाळाचे, हौस आजीची

(एका महिला मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



नातवंडांसाठी स्वेटर विणण्याविषयी बोला, असे संयोजक भगिनींनी सुचविले तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मोठमोठ्या विषयांवर जेथे व्याख्याने होतात, तेथे सुया-लोकरीची कथा ती काय सांगायची? परंतु या विणकामात माझी जी फजिती झाली, ती घरोघरच्या आज्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने उभी राहिले आहे.

माझा मुलगा आणि सूनबाई कॅनडात, टोरांटोला असतात. बाळाची चाहूल लागल्याचे कळताच मी बाळंतविड्याच्या तयारीला लागले. टोपडी, झबली, दुपटी, कुंची असे सारे शिवून झाले. तिकडच्या थंडीच्या कथा ऐकून असल्याने शुद्ध लोकरीचा एक जाडजूड स्वेटरही विणला. पांढराशुभ्र, छातीवर वेणीची नक्षी, गळ्याशी गोंड्यांची नाडी. दोन महिने मी त्यात रमले होते. नात जन्मली जूनमध्ये. टोरांटोत जून म्हणजे उन्हाळा, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते! थंडी पडेपर्यंत ती सहा महिन्यांची झाली आणि नवजात बाळाच्या मापाचा तो स्वेटर तिच्या डोक्यातूनही उतरेना.

मी हार मानली नाही. तस्साच दुसरा, मोठ्या मापाचा विणून पाठविला. मग वाट पाहू लागले ती छायाचित्राची. नातीची छायाचित्रे येत होती. पण स्वेटर कुठेच दिसेना. एकदा विचारले, तर सूनबाई म्हणाली, ‘‘हो आई, घालते.’’ पुढे मी विचारणे सोडले आणि मनात मात्र धरून बसले. आमच्यातले बोलणे कमी झाले. दोष कुणाचा, याचा निवाडा अर्थातच मी माझ्या बाजूने करून ठेवला होता.

पुढच्या वर्षी टोरांटोला गेले तेव्हा नातीच्या खोलीत कापडी अस्वलाच्या अंगात तो स्वेटर दिसला. वीतभर झालेला, नमद्यासारखा घट्ट! वेणीची नक्षी तेवढी ओळखू येत होती. सूनबाई मागेच उभी होती. तिचे डोळे भरून आले. इतर कपड्यांबरोबर तो धुलाई यंत्रात गेला आणि नंतर गरम हवेच्या यंत्रात वाळला. ‘‘तुम्ही इतक्या कष्टाने विणलेला, कसे सांगू तुम्हाला?’’ एवढेच ती म्हणाली. म्हणजे वर्षभर मी ज्याला अनास्था समजत होते, ते भय होते.

भगिनींनो, यात तिची चूक नव्हती. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात, लोकर आकसते आणि ती पुन्हा उलगडत नाही. तान्ह्या बाळाची आई दिवसाकाठी ढीगभर कपडे धुते. तिने एक स्वेटर वेगळा काढून गार पाण्यात हलक्या हाताने धुवावा आणि सपाट पसरून वाळवावा, ही अपेक्षा मी न बोलता तिच्यावर लादली होती. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर मिळते, ॲक्रिलिक मिळते, सूतही मिळते. मी विचारलेच नव्हते.

मग आम्ही दोघी बोलत बसलो आणि माझे अज्ञान उलगडत गेले. तेथे घरे आतून उबदार असतात. जाड स्वेटर घरात घातला तर मूल घामाघूम होते. बाहेर जाताना वरून हिमरोधक जाड पोशाख असतोच. मोटारीतील बाळाच्या आसनाचे पट्टे अंगालगत घट्ट बसावे लागतात. आत जाड कपडा असला तर ते सैल राहतात आणि अपघातात धोका होतो. म्हणजे माझा देखणा स्वेटर घरातही नको आणि बाहेरही नको! त्यांना हवे होते पातळ, साधे, पुढून उघडणारे जाकीट.

हे ऐकताना मला एकदम १९६२ साल आठवले. चीनचे आक्रमण झाले तेव्हा मी दहा वर्षांची होते. सीमेवर उंच पहाडात आपल्या जवानांना पुरेसे गरम कपडे नव्हते आणि देशभर स्त्रिया त्यांच्यासाठी स्वेटर विणत होत्या. साताऱ्याला आमच्या वाड्यातही दुपारी बायका जमत. लष्करी रंगाची लोकर आणि मापाचा कागद ठरलेला. माझ्या आईचा हात कलेचा. तिने एका स्वेटरच्या छातीवर हौसेने नक्षी काढली. काम पाहणाऱ्या वयस्कर बाईंनी तो हातात घेतला, कौतुक केले आणि म्हणाल्या, ‘‘हे उसवा. जवानाला हा गणवेशाच्या आत घालायचा आहे. नक्षीने जाड होईल आणि बंदुकीचा पट्टा त्यावर रुतेल.’’ आईने रात्री कंदिलाशी बसून तो उसवला. सुलट-उलट टाके मी त्याच दिवसांत शिकले. पण त्या बाईंचे बोलणे मात्र साठ वर्षांनी परदेशात, त्या अस्वलासमोर उभी राहिल्यावर कळले.

आता विणणाऱ्या भगिनींसाठी थोडे व्यवहाराचे. आपल्याकडे १० क्रमांकाची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि ८ क्रमांकाची ४ मिलिमीटरची असते. क्रमांक जितका लहान, तितकी सुई जाड. स्वेटर सुरू करण्यापूर्वी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजा. ही पायरी आपण सगळ्याच टाळतो. समजा त्यात २२ टाके बसले आणि बाळाची छाती ४३ सेंटिमीटर आहे. ५ सेंटिमीटर मोकळीक धरून घेर ४८, म्हणजे पाठीला २४ सेंटिमीटर, म्हणजे ५३ टाके. माप आजचे धरू नका. स्वेटर पोहोचेल आणि थंडी पडेल, तेव्हा बाळ किती महिन्यांचे असेल ते बोटांवर मोजा. बाही आणि लांबी थोडी जास्त ठेवा. बाही दुमडता येते, वाढवता येत नाही. गळ्याशी नाडी, गोंडे, रिबीन मुळीच नको, कारण ती गळ्याभोवती आवळू शकते. तान्ह्याला जाळीची वीणही नको, बोटे अडकतात. बटणे ओढून पाहावीत. सुटलेले बटण थेट तोंडात जाते. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी नको, अंगात गरजेपेक्षा अधिक कपडे नकोत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्या मुंबई-कोकणातल्या आज्यांनी हे विशेष ऐकावे! कुंची, टोपडे, स्वेटर आणि वर दुपटे असा थाट मी स्वतःच्या मुलाचा केला आहे. तो घामोळ्यांनी का रडत होता, हे आता समजते.

कुणी विचारेल, हिवाळ्यात आपल्याच शहरात तिबेटी बांधव स्वेटरची दुकाने मांडतात, लुधियानाचा माल हवा तेवढा मिळतो. मग डोळे शिणवून विणायचे कशाला? थंडीपुरते विचाराल तर विकतचा घ्यावा, माझी काही हरकत नाही. पण विणण्याच्या निमित्ताने आता मी दर महिन्याला टोरांटोला विचारते: उंची किती, दंडाचा घेर किती, रंग कोणता, धुणार कसा? सूनबाई टेप घेऊन मोजते, नात चुळबुळ करते, आम्ही तिघी हसतो. मुद्दाम ठरवून एवढे बोलणे झाले नसते.

गेल्या दिवाळीपासून सूनबाईने स्वतः सुया हाती घेतल्या आहेत. मी पाठ आणि पुढचे दोन भाग विणले, एक बाही मी विणते आहे, दुसरी तिने घेतली आहे. तिचा हात घट्ट, माझा सैल. टाके सारखेच घातले. तरी परवा पडद्यावर दोन्ही बाह्या शेजारी धरल्या तेव्हा तिची बाही दोन बोटे अरुंद निघाली. ती उसवून तिने पुन्हा टाके घातले आहेत, या वेळी ४ मिलिमीटरच्या ऐवजी साडेचार मिलिमीटरच्या सुईवर.