पात्रांचा सातबारा



कर्जत-खालापुरात सातबारा आणि कूळ यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कागदावर नाव एकाचं, राबणारा दुसराच. आणि कूळकायद्यातल्या 1 एप्रिल 1957च्या कृषक दिनानं कौल राबणाऱ्याच्या बाजूनं दिला. कॉपीराइटचा कायदाही त्याच वर्षीचा. साहित्यात मात्र आपण अजून खोतीच चालवतो. पात्राचं पुढं काय झालं हे लेखकाला विचारायचं आणि तो म्हणेल ते प्रमाण मानायचं! मला हे मान्य नाही. लेखकाची सत्ता त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत. शॉनं आपल्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचा शेवट मोकळा सोडला, तर नटांनी आणि प्रेक्षकांनी नायिका एलायझाची गाठ तिला शिकवणाऱ्या हिगिन्सशी मारून टाकली. वैतागून शॉनं 1916मध्ये लांबलचक पुरवणी जोडली आणि तिला तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीच्या घरी नांदायला धाडलं. ते लग्न कुणी मनावर घेतलं? 1938च्या चित्रपटाच्या पटकथेसाठी खुद्द शॉला ऑस्कर मिळालं, आणि त्या चित्रपटातही ती हिगिन्सकडेच परतते. ‘पिग्मॅलियन’वरूनच बेतलेली पु. लं.ची ‘ती फुलराणी’ 1975मध्ये रंगभूमीवर आली, तेव्हा मराठी प्रेक्षकानं तिच्यातल्या मंजुळाला आपलं म्हटलं ते काही शॉची पुरवणी वाचून नव्हे. ‘एकच प्याला’ आपण बेधडक गडकऱ्यांचं म्हणतो. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि फेब्रुवारी 1919मध्ये नाटक उभं राहिलं तेव्हा गडकरी हयातही नव्हते. पदं गाळून ‘शुद्ध गडकरी’ द्या, असं कुणी रसिक म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

यावर विद्वान एकनाथांना पुढं करतील. नाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत भर घालणाऱ्यांना खडसावलं. खरंच आहे. पण नाथ काही तिचे कर्ते नव्हेत, वाचकच; आणि त्यांनी राखली ती पोथी. संहिता राखणं वेगळं, अर्थावर पहारा बसवणं वेगळं. कॉपीराइट कायद्याचं कलम 57सुद्धा लौकिकाला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क लेखकाला देतं. वाचकानं काय मानावं हे ठरवण्याचा देत नाही. मग रूपांतरं कथा बिघडवतात त्याचं काय? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फेणे 2017च्या चित्रपटात तरुण झाला, म्हणून पुस्तकातलं पोरगं काही मोठं झालं नाही.

आणि जिथं पुस्तकच नाही, तिथं? आपल्याच डोंगरांतला कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे की आपण रामाच्या वानरसेनेचे वंशज. या कथेवर कुठल्याही वाल्मीकीची सही नाही. सही नाही म्हणून तिला ‘लोकसाहित्य’ या कोपऱ्यात बसवायचं आणि प्रमाण ठरवायला आपण पांढरपेशांनी गाद्यांवर बसायचं, ही खोती आता पुरे झाली. ती कथा सांगणाऱ्याच्या नावासकट उतरवून घ्या, आणि पुढच्या वर्षी व्यासपीठावरच्या या खुर्चीवर त्या सांगणाऱ्यालाच बसवा.