कबुतराची माफी

तरुणपणी मी एक कविता लिहिली होती. साहेबापुढं मान डोलावणाऱ्या होयबाला तीत कबुतर म्हटलं होतं. कविसंमेलनात तिला हमखास टाळ्या पडत. अंगणात कबुतरांना जोंधळे टाकणारी अम्मी मात्र म्हणायची, "बेटा, आधी त्याच्याकडं नीट बघ तरी."

बघायला फार उशीर केला. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि आपल्यासारखे खोबणीत फारसे फिरत नाहीत. चालताना भोवतालचं दृश्य सरकत राहिलं, तर दाणाही पुसट दिसणार आणि मांजरही. म्हणून ते डोकं झटक्यानं पुढं नेतं आणि क्षणभर तिथंच रोखून धरतं. मागून अंग येऊन पोचतं, की पुन्हा झटका. आपल्याला झटका दिसतो, थांबणं दिसत नाही.

१९७८ साली कॅनडातल्या बी. जे. फ्रॉस्ट या संशोधकानं कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पाय चालत होते, पण भोवतालचं दृश्य जागच्या जागी होतं. मान डोलायची थांबली! कोंबडीही अशीच मान हलवत चालते. टुणटुण उड्या मारणारी चिमणी नाही.

म्हणजे मी ज्याला हांजी हांजी समजलो, ती नजर स्थिर ठेवण्याची धडपड होती. न बघता बोललो होतो मीच, तेही टाळ्यांसाठी.

अम्मी आता नाही. ती कविता मी वाचत नाही. सकाळी अंगणात मूठभर जोंधळे टाकतो, आणि नीट बघतो.