धूर वर चढू द्या, मग निघा



आकाशवाणीच्या अकोला केंद्राने मला विषय दिला आहे, हिवाळ्यात ज्येष्ठांनी सायकल कशी चालवावी. माझी सगळी नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात झाली. निवृत्तीनंतर वाशिमच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर सायकल फिरवणं हा माझा आनंद आहे. आज बोलायचं ते हौसेच्या सायकलीबद्दल. दूध घालायला किंवा कामावर जायला जो सायकल काढतो, त्याला वेळ निवडता येत नाही. आपल्याला येते. आणि हिवाळ्यात सगळं काही त्या वेळेवरच अवलंबून आहे. माझं आजचं निम्मं भाषण वेळेबद्दलच असणार आहे.

आपण वऱ्हाडातली माणसं. आपल्या अंगात सवयी भरल्या त्या उन्हाळ्याने. एप्रिल-मे महिन्यांत नऊ वाजले की रस्ता भाजायला लागतो, म्हणून आपण झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून फिरून येतो. ती सवय उन्हाळ्यासाठी अगदी बरोबर आहे. पण डिसेंबर उजाडला तरी आपण तीच चालवतो. पाच वाजता कानटोपी, मफलर, स्वेटर चढवून आबाजी अंधारात सायकल काढतात आणि त्याचा अभिमान सांगतात, की पहाटेची हवा शुद्ध असते. हिवाळ्यात ती शुद्ध नसते. हे मी जरा समजावून सांगतो.

कडाक्याच्या थंडीत पहाटे गावाबाहेर उभं राहून गावाकडे पाहा. चुलींचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, बांधावरच्या पऱ्हाट्यांचा धूर वर गेलेला दिसणार नाही. तो गावावर आडवा पसरलेला दिसेल, एका पट्ट्यासारखा. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. असं का होतं? रात्री आभाळ निरभ्र असतं, जमिनीतली उष्णता वर निघून जाते, जमीन गार पडते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो, झाकण ठेवावं तसा. खालचा धूर, धूळ, गाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली अडकून राहतं. आणि नेमक्या त्याच हवेत आपण सायकलवर जोरजोरात श्वास घेत असतो. ऊन पडलं, जमीन तापू लागली की खालची हवा हलकी होऊन उठते आणि धूर सरळ वर चढायला लागतो. आपलं घड्याळ हेच आहे. धूर वर चढू द्या, मग निघा.

दुसरं कारण शरीराचं. थंडी वाजली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली ऊब आत राहावी म्हणून. त्यामुळे रक्तदाब वाढतो. तरुण माणसाला ते जाणवतही नाही. साठीनंतर रक्तवाहिन्या तितक्या लवचीक राहिलेल्या नसतात. त्यातच सकाळी उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब तसाही चढता असतो. हृदयविकाराचे झटके सकाळी आणि थंडीत जास्त येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या कोरड्या गार हवेने आवळतात. मग पहाटे पाचला चढावर दम लावून पॅडल मारायची घाई कशासाठी? धूर वर चढू द्या, मग निघा. वर्गात मी एक गोष्ट तीनदा सांगायचो, इथेही सांगणार आहे.

डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातला दहा-पाच मिनिटं कमी असताना उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास दिवस बुडतो. पहाटे अंगाला झोंबणारा गारठा असतो, आणि दुपारी नुसत्या सदऱ्यावर बसता येतं. हा फरक आपल्या जिल्ह्याची देणगी आहे. वाशिम पठारावर आहे. मालेगाव-मेडशीच्या पुढे घाट उतरून पातूरकडे गेलं की कळतं, अकोला आपल्यापेक्षा अडीचशे मीटरहून जास्त खाली आहे. उंचीमुळे आपली थंडी जरा जास्त बोचरी. पण डोक्यावर लख्ख ऊन. युरोपात या महिन्यांत ज्येष्ठांना रस्त्यावरच्या बर्फाची भीती असते. आपल्याला सकाळी साडेआठपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा अख्खा दिवस मोकळा मिळतो. उन्हाळ्यात जी दुपार आपल्याला घराबाहेर पडू देत नाही, तीच हिवाळ्यात आपली होते.

माझी स्वतःची आवडती वेळ साडेतीनची. जेवण पचलेलं असतं, सांधे मोकळे झालेले असतात. सकाळी कडक वाटणारे गुडघे दुपारी निमूट फिरतात, हा अनुभव प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आहे. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना तूर उभी असते. डिसेंबरात तिच्यावर पिवळी फुलं आणि हिरव्या शेंगा एकाच वेळी दिसतात. कपाशीच्या शेवटच्या वेचण्या चालू असतात. हरभरा जमिनीलगत दाट झालेला असतो आणि त्याच्या आंबीचा वास वाऱ्यावर येतो. मोटरगाडीत बसलेल्याला तो वास कधीच मिळत नाही. पायी चालणाऱ्याला मिळतो, पण चालणारा एका शेतापुरता जातो, सायकलवाला एका दुपारी चार शिवारं पाहून येतो. एकबुर्जी धरणाच्या पाण्याकडे जाऊन बसावं. थंडीत बाहेरून आलेले पाणपक्षी असतात, आणि धोबी पक्षी तर रस्त्यावरच शेपटी हलवत आपल्यापुढे धावतो. उन्हाळ्यात तो इथे नसतो. ओळखीचा शेतकरी हाक मारतो, तुरीच्या शेंगा उकडल्या आहेत, या. सायकलवर असलं की थांबता येतं. या वयात सायकल चालवायची ती थांबत थांबतच. किती किलोमीटर झाले ते मोजू नका. कुणाकुणाशी बोललात ते घरी सांगा.

एक युक्ती. जाताना वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर. म्हणजे ताकद आहे तोवर कष्टाचं काम होतं आणि घामेजलेल्या अंगावर गार वारा बसत नाही. उलटं केलंत तर जाताना वाटतं की आज अंगात फार जोर आहे, आणि परतताना तो वाऱ्याचा होता हे कळतं. दुसरी युक्ती जुन्या सायकलपटूंची आहे. जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घाला आणि छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवा. वारा आत शिरत नाही. ऊब आली की घडी काढून पिशवीत टाका. फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत डोंगर उतरताना सायकलपटूंनी हेच केलेलं आहे.

आणि मफलर! याबद्दल मला रागावायचं आहे. मफलर गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं मोकळी सोडतात. वाकल्यावर एक टोक लोंबतं आणि चाकाच्या तारांत किंवा चेनमध्ये जातं. वर कान गच्च बांधलेले, त्यामुळे मागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येत नाही. मान आखडलेली असल्याने वळून पाहता येत नाही. कृपा करून मफलर सदऱ्याच्या आत खोचा, कान झाकायचे तर पातळ टोपीने झाका आणि हँडलला उजव्या बाजूला एक आरसा लावून घ्या. आरसा लावल्याने तुमचं म्हातारपण दिसत नाही, तुमची अक्कल दिसते.

आता चढण्या-उतरण्याबद्दल. ज्येष्ठ सायकलवाले चालत्या सायकलवरून पडतात तसे चढताना आणि उतरतानाही पडतात. नेदरलँड्समध्ये तर सत्तरी-ऐंशीची माणसंही रोज सायकल चालवतात, आणि तिथेही हेच दिसून आलं आहे. आपण दांडीच्या सायकलवर शिकलो. आधी कैची, मग दांडीवर, मग सीटवर. एक पाय पॅडलवर ठेवून दुसरा मागून टांग टाकत वर जायचं. साठीनंतर खुबा तेवढा उघडत नाही, पाय कॅरिअरला अडकतो आणि माणूस उभ्या सायकलसकट खाली येतो. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. म्हणून दांडी नसलेली सायकल घ्या. तिला लेडीज सायकल म्हणतात म्हणून कित्येक पुरुष तिच्यावर बसत नाहीत. गावात लोक काय म्हणतील! लोक दवाखान्यात भेटायला येतील, एवढंच.

अशी सायकल विकत घ्यायचीही गरज नसते. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. नात पुढे कॉलेजला शहरात जाते आणि तिची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत राहते. ती बाहेर काढा. ट्यूब बदला, ब्रेकचे रबर बदला, चेनला तेल द्या. आजीनेसुद्धा तिच्यावर बसावं. ज्या बायांना लहानपणी कुणी सायकल शिकवली नाही, त्यांना साठीत शिकवायला मी तयार आहे. अंगण सपाट हवं, सीट खाली करून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि दुपारचं ऊन हवं. आणि मुलांनो, सुनांनो, "आबाजी, या वयात कुठं चालले?" असं विचारू नका. "परत किती वाजता येता?" असं विचारा. आबाजींनीही कोणत्या रस्त्याने जातो ते सांगून निघावं.

किती जोर लावावा? फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी, बंदिस्त सायकल-मैदानात एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. शास्त्रज्ञांनी त्यांना १०१ ते १०३ या वयात तपासलं होतं. त्या दोन वर्षांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली. शंभरीनंतर वाढली, हे लक्षात घ्या. आणि सराव कसा? पाचातले चार भाग अगदी हलका, एक भाग जोराचा. आपण स्पर्धा करणार नाही, पण प्रमाण तेच ठेवा. हलक्या भागात पॅडल मारताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. पहिली दहा मिनिटं तर सपाट रस्त्यावर सावकाशच.

मला खूण झाली आहे, वेळ थोडा उरला आहे. तेव्हा भराभर सांगतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, त्यामुळे नाडी मोजून जोर ठरवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर खिशात साखरेची पुडी किंवा गूळ ठेवा आणि उपाशीपोटी निघू नका. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर लगेच उतरा आणि कुणाला तरी थांबवा. घरी पोहोचेन मग बघू, असं म्हणू नका. दिवस बुडायच्या अर्धा तास आधी घरी या. दिवस बुडताना रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात, कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना समोरचा प्रकाश फुटून दिसतो. मागे लाल चमकपट्टी लावाच. समृद्धी महामार्गावर सायकलीला मनाई आहे, तिकडे जाऊ नका. कच्च्या रस्त्यावर सराटे वाळून पडलेले असतात, म्हणून सोबत पंप ठेवा.

सीटच्या उंचीबद्दल बोलायचं राहिलं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल पूर्ण खाली नेलं तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांनी सीट यापेक्षा दोन बोटं खाली ठेवावी, पाय टेकता येतात, धीर राहतो. आठवड्याने थोडी थोडी वर घ्यावी. आणि आता तिसऱ्यांदा: धूर वर चढू द्या, मग निघा.