पंखावरचा खरखरीत रंग

नाशिकजवळच्या ओझरला १९६० च्या दशकापासून मिग-२१ विमानं बांधली गेली. अशा विमानाचं हातभर मॉडेल घरी रंगवायचं, तर आधी आपल्या धाराशिवचं ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात भर दुपारी स्प्रे मारला, की रंगाचे थेंब हवेतच वाळतात आणि पंख खरखरीत होतो. म्हणून सकाळी लवकर, वारा पडलेला असताना रंगवा. डबा वीसेक सेंटीमीटर लांब धरा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवा, म्हणजे कडांना ओघळ येत नाहीत. पावसाळी दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्या दिवशी डबा उचलूच नका. आणि थर्माकोलवर थेट स्प्रे? विमान डोळ्यांदेखत विरघळतं! त्याला आधी पाण्यात कालवायच्या रंगाचा हात द्या.