नकाशा रंगतो तेव्हा आपण कुठे असतो?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. शहराच्या कडेची शेतजमीन निवासी क्षेत्रात कशी जाते, ते कोण ठरवते आणि त्यात आपण कुठे असतो, एवढाच तो आहे. शिक्षण, नोकऱ्या, सुरक्षितता या प्रश्नांपुढे हा विषय मागे पडतो. पण तुमच्या वस्तीत शाळा का नाही, गल्लीत रुग्णवाहिका का शिरत नाही, पावसाचे पाणी घरात का येते, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याचदा वीस वर्षांपूर्वी रंगवलेल्या एका नकाशात असतात.

महाराष्ट्रातले ७० टक्क्यांहून अधिक मुसलमान शहरांत राहतात. शहराच्या जुन्या भागात, किल्ल्याच्या किंवा बाजाराच्या आसपास आपले मोहल्ले आहेत. कुटुंब वाढले, घर पुरेनासे झाले की मुलगा कुठे जातो? नव्या सोसायटीत घर मागायला गेला तर नाव ऐकून नकार मिळाल्याचे अनुभव तुमच्यापैकी अनेकांचे असतील. बँकेचे कर्ज मिळवायला पगाराची स्लिप लागते, ती गॅरेजवाल्याकडे किंवा भाजीवाल्याकडे नसते. मग तो शहराच्या कडेला जातो. तिथे शेतकऱ्याकडून कुणा एजंटाने जमीन घेतलेली असते, चुन्याच्या रेषा मारलेल्या असतात आणि एकेक गुंठा विकायला काढलेला असतो. व्यवहार नुसत्या बाँडवर होतो. जमीन असते ग्रीन झोनमध्ये.

हे हिशोबाने समजून घ्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. समजा दहा एकर शेत आहे, म्हणजे ४०० गुंठे. मंजूर लेआउट करायचा तर नियमाप्रमाणे रस्ते ठेवावे लागतात आणि १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे ४० गुंठे मैदानाला किंवा बागेला. विनामंजुरी प्लॉट पाडले की हे ४० गुंठेही विकले जातात आणि रस्ता उरतो जेमतेम एका गाडीपुरता. गरिबाला प्लॉट स्वस्त मिळाला असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मुलांचे मैदान आणि त्याच्या दाराचा रस्ता विकून कुणीतरी नफा घेतलेला असतो. पुढे नळ, गटार, नियमितीकरणाचे शुल्क हे सगळे तोच भरतो. स्वस्त प्लॉट असा हप्त्याहप्त्याने महाग होतो.

सरकारला हे माहीत आहे. म्हणूनच २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा वस्त्या नियमित करण्याची सोय त्यात होती. २०२१ साली ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. वीस वर्षांनी तारीख पुढे सरकवावी लागली, याचा अर्थ मधल्या वीस वर्षांत तशाच वस्त्या पुन्हा उभ्या राहिल्या. नियमित केल्याने घर वाचते, ही मोठी गोष्ट आहे. पण विकून टाकलेले मैदान त्याने परत येत नाही.

आता नकाशाकडे येऊ. आपल्या राज्यात शहरांचे नियोजन महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने होते. नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा सरकारने नेमलेली एखादी संस्था, आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आज कुठे घरे आहेत, कुठे शेत, कुठे नाला, कुठे कब्रस्तान, हे त्यात दाखवायचे असते. त्यावरून प्रारूप विकास आराखडा तयार होऊन प्रसिद्ध होतो. पिवळा रंग निवासी, हिरवा शेतीचा, आणि त्यावर शाळा, दवाखाना, बाग, रस्ते यांची आरक्षणे. प्रसिद्धीनंतर हरकती व सूचनांसाठी मुदत मिळते, साधारण तीस दिवसांची. मग नियोजन समितीपुढे सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी. असा आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा सुधारायचा, असे कायदा सांगतो.

या सगळ्या प्रक्रियेतल्या दोन जागा लक्षात ठेवा. पहिली जागा विद्यमान जमीन वापराच्या नकाशाची. त्यात तुमची वस्ती दाखवली गेली नाही, तर कागदावर तिथे मोकळे रान आहे. मग नियोजनकार मोकळ्या रानातून खुशाल २४ मीटरचा रस्ता काढतो. त्याने कुणावर सूड उगवलेला नसतो. त्याच्या समोरच्या कागदावर तुमचे घर नसतेच. दुसरी जागा हरकतींची. ती मुदत संपली की तुमच्या तक्रारीला मोर्चा लागतो, वकील लागतो, कधी पूर्ण पिढी लागते.

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण घ्या. १९८२ साली तिथे महापालिका झाली आणि भोवतालची १८ खेडी हद्दीत आली. २००६ साली शहराभोवतीच्या आणखी २८ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. तिथले लोक या पट्ट्याला ‘झालर क्षेत्र’ म्हणतात. शहराच्या पदराला शिवलेली झालर. शब्द गोड आहे, पण त्या झालरीत शेतकऱ्याची विहीर होती, गायरान होते, आणि शहरातून ढकलली गेलेली कुटुंबेही येऊन बसत होती. शहराच्या वाढीव हद्दीचा सुधारित आराखडा २०१६ साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द ठरवला. नवा एकत्रित प्रारूप आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले. मधल्या काळात शहर थांबले होते का? घरे होतच राहिली, फक्त नकाशाशिवाय झाली. नियोजनाला उशीर झाला की त्याची किंमत सर्वांत आधी कडेच्या वस्तीला मोजावी लागते, हे यातून शिकायचे.

तर मग आपली मागणी काय? सगळे हिरवे पिवळे करा, अशी? इथे मला तुमच्यापैकी काहींशी वाद घालायचा आहे. ‘आमची वस्ती येलो झोनमध्ये घ्या’ ही मागणी रास्त आहे, कारण तिथे माणसे राहतात. पण त्या मागणीच्या आडून शेजारची शंभर एकर शेतीही पिवळी करून घेणारे लोक असतात आणि मोर्चात पुढे आपल्याला उभे करतात. रंग बदलला की जमिनीचा भाव एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढतो. मालकाने त्यासाठी नांगर धरलेला नसतो, विटही रचलेली नसते. ही वाढ समाजाच्या निर्णयातून येते, म्हणून तिचा वाटा समाजाकडे परत आला पाहिजे. रस्त्याच्या, मैदानाच्या आणि परवडणाऱ्या घरांच्या रूपाने. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये २० टक्के क्षेत्र छोट्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या शहरात ती किती पाळली गेली, हे माहिती अधिकारात विचारा. मिळालेल्या उत्तरावर एक अख्खे आंदोलन उभे राहू शकते.

हा वाटा लढल्याशिवाय मिळत नाही, हे नवी मुंबईने दाखवले. १९७० पासून सिडकोसाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले.

आणि काही हिरवे हिरवेच राहिले पाहिजे, हे वसईने दाखवले. वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाचे सावट आले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. त्यांनी प्रश्न चर्चचा केला नाही. विहिरीच्या पाण्याचा, टँकरने होणाऱ्या उपशाचा, शेतीचा आणि गुंडगिरीचा केला. म्हणून त्यात सर्व समाजांचे लोक आले. अल्पसंख्य समाजातल्या माणसाने सार्वजनिक प्रश्नावर पुढे कसे यावे, याचा हा मराठी मातीतला धडा आहे.

तोच धडा कब्रस्तानाच्या मागणीला लावा. वस्ती कडेला सरकली, कब्रस्तान जुन्या शहरात राहिले, मय्यत दहा किलोमीटर न्यावी लागते, हा खरा प्रश्न आहे. पण केवळ ‘आम्हाला कब्रस्तान द्या’ असा अर्ज गेला की समोरून विरोधाचा अर्ज येतो आणि नियोजनाचा प्रश्न जातीय होतो. दफन आपल्याकडे लिंगायत करतात, ख्रिस्ती करतात. स्मशानभूमी शेजारच्या बौद्ध आणि हिंदू वस्तीलाही हवी असते. सर्वांनी मिळून अंत्यविधीच्या जागांचा एकत्र प्रस्ताव द्या. त्याच अर्जात अंगणवाडी, शाळा, दवाखाना आणि मैदान मागा. मेलेल्यांसाठी जागा मागणारा समाज जिवंत मुलांसाठी जागा मागायला विसरता कामा नये.

आरक्षण पडले की काम झाले, असेही समजू नका. अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर दोन वर्षांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. कायद्याचे कलम १२७ ते हेच. मालकाच्या दृष्टीने हे न्यायाचे आहे, त्याची जमीन किती काळ अडकवून ठेवणार? म्हणून वस्तीने आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी तारखेसह ठेवली पाहिजे आणि दर अर्थसंकल्पाच्या वेळी नगरसेवकाला विचारले पाहिजे, या शाळेच्या जागेसाठी यंदा किती रक्कम ठेवली?

एक गोष्ट घरातली. ज्यांची कडेला वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांनी सातबारा काढून बघा, त्यावर बहिणींची नावे आहेत का? जमीन कोरडवाहू असते तोवर कुणी विचारत नाही. येलो झोनची कुणकुण लागली की भाऊ बहिणीला घरी बोलावतो, साडी देतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. नकाशात न्याय मागणाऱ्याने घरात अन्याय करून चालणार नाही. भाव वाढण्याआधी तिचे नाव लावा. मैत्रिणींनो, वाचल्याशिवाय आणि रक्कम समजल्याशिवाय सही करू नका.

त्याच सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, इनाम किंवा वक्फची नोंद आहे का, हेही पाहायचे. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन विकायला काढणारे आपल्यातलेच असतात आणि ती घेणारे गरीबही आपल्यातलेच. प्लॉट घेण्यापूर्वी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्याला लागणारा खर्च किरकोळ असतो. पुढे बसणाऱ्या फटक्यापुढे तर काहीच नाही.

आता कामाचे सांगतो आणि थांबतो. प्रत्येक शहरात पाच जणांचा गट करा. त्यात एक तरी मुलगी असावी, आणि वास्तुकला, सिव्हिल किंवा कायदा शिकणारे कुणी असेल तर फारच चांगले. आराखड्याचा इरादा जाहीर झाला की वस्तीची यादी, घरांची संख्या, वीजबिले आणि कर पावत्या घेऊन नगररचना कार्यालयात जा आणि विद्यमान नकाशात वस्ती दाखवा, असा लेखी अर्ज द्या. प्रारूप आराखडा आला की तो मशिदीच्या, समाजमंदिराच्या, बुद्धविहाराच्या भिंतीवर लावा, लोकांना आपापले घर बोटाने शोधू द्या. हरकत जमीनमालकच घेऊ शकतो, हा गैरसमज आहे. भाडेकरूसुद्धा घेऊ शकतो. हरकतीत गट नंबर लिहा, काय चुकले ते लिहा, त्याऐवजी काय हवे ते लिहा. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घ्या. सुनावणीला रिकाम्या हाताने जाऊ नका, फोटो आणि नकाशा न्या. शांतपणे बोला.

आपल्याकडे नागरिकत्वाची चर्चा फार मोठ्या शब्दांत होते. मला त्याची एक छोटी कसोटी सुचते. आपल्या गावाच्या नकाशावर आपल्याला आपले घर दाखवता येते का, आणि शेजाऱ्याच्या विहिरीवरून रस्ता जात असेल तर त्याच्यासाठी हरकत लिहिता येते का? पुढच्या वीस वर्षांचा रंग ज्या दिवशी भरला जाईल, त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी त्या टेबलासमोर उभे असले पाहिजे, एवढेच मागणे आहे.